पाऊस यायच्या आधी जोत्याकडे बघा

बेलापूर पट्टीतल्या सगळ्या गावकऱ्यांना, गावठाणातल्या घरमालकांना आणि त्यांच्या भाडेकरूंना, सिडकोच्या जुन्या चाळीवजा इमारतींत आणि बैठ्या घरांत राहणाऱ्यांना हात जोडून सांगणे आहे. एप्रिल संपत आला. मृग 7 जूनच्या आसपास लागेल. जमीन कोरडी असण्याचे जेमतेम पाच-सहा आठवडे आपल्या हातात उरलेत. या दिवसांत हळदी आहेत, लग्ने आहेत, गावोगावच्या जत्रा आहेत, हे मला ठाऊक आहे. माझ्याच घरात दोन हळदी आहेत. तरी एक सकाळ मोकळी काढा आणि आपल्या घराभोवती एक फेरी मारा. स्लॅबकडे बघायला सगळेच शिकलेत. आता भिंत जिथे जमिनीला टेकते तिथे बघा.

27 जुलै 2024 ची पहाट विसरण्याइतका काळ अजून लोटलेला नाही. बेलापूरच्या सेक्टर 19 मध्ये, शहाबाज गावात, पाच वाजायला थोडी मिनिटे असताना 'इंदिरा निवास' ही इमारत कोसळली. तीन माणसे ढिगाऱ्याखाली गेली. धोका जाणवताच पन्नासेक माणसे बाहेर पडली होती, म्हणून आकडा तिथेच थांबला. ही इमारत काही आजोबांच्या काळातली नव्हती. कारणांचा काथ्याकूट ज्यांनी करायचा त्यांनी करावा. मला त्या पहाटेतली एकच गोष्ट सांगायची आहे: इमारत पडण्याआधी बोलते. ऐकणारा जागा असावा लागतो, आणि ऐकल्यावर चपला शोधत बसायचे नसते.

आमचे घर कसे बोलले ते सांगतो.

पामबीच रस्त्याच्या अलीकडच्या एका गावात आजोबांनी बांधलेले घर. काळ्या दगडाचे जोते, वर विटांच्या भिंती. पूर्वी कौले होती, पुढे बाबांनी स्लॅब टाकला आणि वर एक खोली चढवली. ओट्याच्या डाव्या कोपऱ्यात एक भेग होती. दरवर्षी गणपतीच्या आधी बाबा त्यात पांढरे सिमेंट भरायचे, वर रंगाचा हात मारायचे आणि दिवाळीपर्यंत ती पुन्हा हसायला लागायची. तिसऱ्या वर्षी स्वयंपाकघराचे दार लागेना. बाबांनी दाराला रंधा मारला. दार लागले. पुढच्या पावसात पुन्हा अडकले, पुन्हा रंधा. दाराचा भुगा आईने दोन वेळा सुपात भरून टाकला, पण कोणाच्या डोक्यात आले नाही की दार होते तसेच आहे, चौकट कलली आहे. चौकट का कलली? तर तिच्याखालचे जोते एका बाजूला बसले होते.

शेवटी नेरूळहून एक म्हातारा मिस्त्री आला. त्याने भेगेला हातही लावला नाही. मागच्या बाजूला मोरीचा चेंबर होता तिथे जाऊन उकिडवा बसला आणि म्हणाला, "भिंतीला काय नाय झालं. तिला पानी कोन पाजतंय ते बघा." चेंबरचा जोड फुटला होता. किती वर्षांपासून, देव जाणे. मोरीचे पाणी जोत्याला लागून झिरपत होते आणि जाताना दगडाखालचा मुरूम घेऊन जात होते. मिस्त्रीने कोपऱ्याशी पहार घातली. ती कशालाच न लागता हातभर आत गेली. तो क्षण मी विसरणार नाही. ज्या ओट्यावर आम्ही रोज चहा प्यायचो त्याच्याखाली पोकळी होती.

जुन्या माणसांना यात नवे काही वाटणार नाही. ही सगळी पट्टी खाडीच्या काठची. इथे खारबांध होते, उघाड्या होत्या, खाजणात भात व्हायचा, पलीकडे मिठागरे होती. उधाणाच्या भरतीला बांधाला खांड पडली की ज्याच्या हातात जे असेल ते टाकून माणसे चिखल घेऊन धावायची, कारण एका शेतात शिरलेले खारे पाणी दुसऱ्याच्या शेतात जायला वेळ लागत नसे. खांड बोटाएवढी असतानाच बुजवायची असते, हे ज्यांच्या आज्यापणज्यांना कळत होते त्यांचीच नातवंडे आपण. आणि घराखालच्या खांडीवर आपण पुट्टी मारतो.

मग शहर आले. 1970 च्या मार्चमध्ये सिडको स्थापन झाली, 95 गावांची मिळून 344 चौरस किलोमीटर जमीन नव्या शहरासाठी ठरली आणि खाजणांवर भराव पडू लागला. खाडीकाठच्या जमिनीत खाली काळा, मऊ चिखल असतो, काही ठिकाणी कित्येक मीटर खोल. अशा चिखलावर वजन पडले की तो आतले पाणी हळूहळू सोडतो आणि बसत जातो. हे बसणे दोन-चार वर्षांत आटपत नाही, दशके चालते. टॉवर पाइलवर उभे असतात म्हणून ते जागचे हलत नाहीत. पण त्यांच्याभोवतीची पार्किंगची लादी बघा: इमारतीच्या कडेला चार-सहा इंचांची पायरी पडलेली दिसेल. तीच जमीन तुमच्या-माझ्या घराखाली आहे आणि आपल्या घराला पाइल नाही.

दुसरे असे, की नवे सेक्टर भराव घालून उंच झाले आणि गावठाणे होती तिथेच राहिली. त्यावर रस्त्यांचे थर. जुना थर न खरवडता त्यावर डांबर, डांबरावर काँक्रीट, काँक्रीटवर पेव्हर ब्लॉक. एकेकाळी ज्या ओट्यावर चढायला तीन पायऱ्या होत्या त्या ओट्यात आता रस्त्यावरून उतरावे लागते, अशी घरे प्रत्येक गावठाणात दोन-चार तरी सापडतील. विमानतळाचा भराव उंच झाल्यावर पारगाव-डुंगीत पावसाचे पाणी घरांत शिरू लागले, हे सगळ्यांनी पाहिले. तिथे ते एका पावसाळ्यात दिसले. आपल्याकडे तेच तीस वर्षांत, इंच इंच करत झाले, म्हणून दिसले नाही.

आता थोडा हिशेब. सहाशे चौरस फुटांचा स्लॅब घ्या. आपल्याकडे हंगामाचा पाऊस अडीच हजार मिलिमीटर धरला, तर त्या एका स्लॅबवर पावसाळाभरात जवळजवळ 1 लाख 40 हजार लिटर पाणी पडते. दहा हजार लिटरचे चौदा टँकर. हे पाणी ज्या पाइपातून खाली येते तो पाइप कुठे संपतो ते बघितलेत? बहुतेक घरांत तो जमिनीपासून वीतभर वर, थेट भिंतीच्या पायाशी मोकळा सोडलेला असतो. चौदा टँकर दरवर्षी एकाच कोपऱ्यात ओतायचे आणि मग तो कोपरा खचला की मिस्त्रीच्या नावाने बोटे मोडायची.

शिवाय हे पाणी गोडेच असते असे नाही. खाडीजवळच्या मातीत क्षार आहेत. ओल भिंतीत वर चढते, पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. भिंतीला गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत पांढरा, पिठासारखा लोणा फुटतो, पोपडे निघतात. विटांचे घर असेल तर वीट भुसभुशीत होते. आरसीसीचे असेल तर क्षार लोखंडापर्यंत पोहोचतात, सळई गंजते, गंजलेली सळई फुगते आणि आतून काँक्रीट फोडते. वाशीच्या सेक्टर 9 आणि 10 मधल्या जेएन प्रकारच्या इमारतींची आठवण काढा. शहराच्या पहिल्यावहिल्या वसाहतींपैकी त्या. पण छताचे तुकडे पडायला लागले, इमारती धोकादायक ठरल्या आणि पुनर्विकासाची वाट पाहत माणसे वर्षानुवर्षे टेकू लावलेल्या खोल्यांत राहिली.

तर मग फेरीत बघायचे काय? प्लास्टरवरच्या केसासारख्या रेषांना घाबरू नका, त्या प्रत्येक घरात असतात. खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली, विटांच्या सांध्यांतून पायऱ्या-पायऱ्यांनी उतरणारी, एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला निमुळती होणारी भेग असेल तर थांबा. आतून आणि बाहेरून, दोन्हीकडे एकाच जागी दिसत असेल तर नक्की थांबा. लादी आणि भिंत यांच्यामध्ये फट पडली आहे का, लादीवर ठेवलेली गोटी एकाच कोपऱ्याकडे पळते का, जोत्यालगतची जमीन पायाखाली दबते का, दारे पावसात अडकतात ती हिवाळ्यात मोकळी होतात की तशीच राहतात, हे सगळे बघण्यासाठी इंजिनीयर लागत नाही. घरातली दहा वर्षांची पोर बघू शकते, आणि मोठ्यांपेक्षा बारकाईने.

पाणी शोधायच्याही घरगुती रीती आहेत. रात्री झोपण्याआधी सगळे नळ बंद करा, टाकी भरून घ्या, मीटरचा आकडा लिहून ठेवा. सकाळी नळ उघडण्याआधी पुन्हा बघा. आकडा हलला असेल तर पाणी कुठेतरी जमिनीत जाते आहे. आपल्या शहराचे नशीब, मोरबे धरण आहे, पाणी बरे येते. त्यामुळे गळती कोणाला जाचत नाही. जिथे पाण्याची मारामार आहे तिथली माणसे थेंब गळला तरी शोधतात. सांडपाण्यासाठी मोरीत थोडे पोटॅशियम परमँगनेट टाकून दोन बादल्या ओता आणि जांभळे पाणी चेंबरमध्ये तेवढेच पोहोचते का, की जोत्याच्या दगडांतून कुठे पाझरते, ते बघा. शेजाऱ्याच्या बाजूलाही बघा. गावठाणात आणि रो हाऊसमध्ये भिंती एकमेकांना टेकलेल्या. याची मोरी आणि त्याची भेग असा मामला असतो. चार्ल्स कोरियांनी बेलापूरचे आर्टिस्ट व्हिलेज आखताना प्रत्येक घराच्या भिंती वेगळ्या ठेवल्या होत्या, पुढे कोणी घर वाढवले तर शेजाऱ्याला धक्का नको म्हणून. आपल्याला ती चैन नाही. त्यामुळे शेजाऱ्याशी अबोला असेल तर तो या पाच आठवड्यांपुरता बाजूला ठेवा.

आणि हो, भेगेवर काच लावा. फोटोच्या फ्रेमची पातळ काच घेऊन बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापून आणा. भेगेच्या आडवी पट्टी ठेवून दोन्ही टोकांना सिमेंटचा गोळा चिकटवा आणि बाजूला तारीख लिहा. भेग मेलेली असेल तर काच तशीच राहते. भेग चालती असेल तर काच तडकते. आमच्याकडे मिस्त्रीने लावलेली पहिली काच अठराव्या दिवशी तडकली. रात्री साडेअकरा वाजता 'टच्' असा बारीक आवाज आला. आई म्हणाली मांजराने काहीतरी पाडले. सकाळी बघितले तर पट्टी मधोमध दुभंगली होती. त्या दिवशी बाबांनी रंधा माळ्यावर टाकला.

आता जे करू नका म्हणून विनवायचे आहे, ते.

पावसाळ्यात पाया उघडा करू नका. जमीन ओली असताना जोत्यालगत चर खणणे म्हणजे घराच्या पायाखालून हाताने माती ओढणे. कोरड्या दिवसांतसुद्धा भिंतीच्या अख्ख्या लांबीभर चर मारू देऊ नका, मिस्त्री कितीही 'एका दिवसात उरकतो' म्हणाला तरी. पायाखाली नवा आधार द्यायचा असेल तर तो तीन-चार फुटांच्या तुकड्यांत देतात. एक तुकडा खणायचा, पुढचे दोन-तीन सोडायचे. खणलेल्यात काँक्रीट भरायचे, वरच्या जुन्या पायाशी राहिलेली फट घट्ट, कोरड्या मसाल्याने ठासायची, ते पक्के होऊ द्यायचे, मग पुढचा तुकडा. हे काम वेळखाऊ आहे आणि यात घाई करणारा मिस्त्री तुमचा मित्र नव्हे. हे स्ट्रक्चरल इंजिनीयरच्या देखरेखीशिवाय करू नका. त्याची फी जड वाटत असेल तर हळदीच्या डीजेचे बिल आठवा.

लादीवर लादी चढवू नका. आत दोन इंच उंची वाढली की ओल कमी झाल्यासारखी वाटते, पण ती भिंतीतून वर चढायला मोकळी होते. आतून वॉटरप्रूफिंगचे रसायन फासून बाहेरचा पाइप तसाच ठेवू नका. जोते खचत असताना वर आणखी मजला चढवू नका. कोपरखैरणेतल्या सिडकोच्या बैठ्या घरांचे दोन-तीन मजले कसे झाले ते आपण पाहतो. आणि कृपा करून दुकानाचा गाळा काढण्यासाठी तळमजल्याची भिंत पाडू नका. विटांच्या घरात भिंत हाच खांब असतो. भाडे येईल महिन्याला, भिंत परत येणार नाही.

दुरुस्तीचा क्रम पाण्यापासून सुरू होतो. आधी स्लॅबचे पाणी नळीने गटारापर्यंत न्या, चेंबर आणि पाइपांचे जोड बांधा, घराभोवती जमिनीला बाहेरच्या बाजूला उतार द्या. एवढे तर या आठवड्यात, एका प्लंबरकडून आणि एका गवंड्याकडून होते. बरीच घरे एवढ्यावरच शांत होतात, म्हणून त्यानंतर काच लावून काही आठवडे बघायचे असते. काच तडकलीच तर कोपऱ्याशी एकच खड्डा घेऊन पाया किती खोल आहे आणि खाली काय आहे ते इंजिनीयरला दाखवायचे. पायाचे काम झाल्यावर भिंत शिवायची. प्लास्टर आणि रंग अगदी शेवटी. आपण नेमके उलटे, रंगापासून सुरू करतो, आणि पैसे तिथेच संपतात.

गावठाणात एक अडचण उघड बोलली जात नाही, ती बोलतो. गरजेपोटी बांधलेल्या घरांचा प्रश्न वर्षानुवर्षे लोंबकळत राहिला. ज्यांनी जमिनी दिल्या, ज्यांच्या माणसांनी 1984 च्या जानेवारीत जासईच्या आंदोलनात गोळ्या झेलल्या, त्यांच्याच पोराबाळांच्या घरांवर 'अनधिकृत' असा शिक्का. त्यामुळे दुरुस्तीची परवानगी मागायला गेलो तर उलट नोटीस येईल या धाकाने माणसे रात्रीची, ताडपत्री लावून, चोरून कामे करतात. राग रास्त आहे. पण ताडपत्रीआड खणलेला पाया आतल्या माणसांवरच पडतो. प्रशासनाला विनंती अशी की या पावसाळ्यापुरती तरी, केवळ पाया आणि ओल यांच्या दुरुस्तीसाठी आलेल्या माणसाला आधी इंजिनीयर द्या, कागद नंतर बघा.

घरमालकांनो, भाडेकरूने भेग दाखवली तर 'परवडत नसेल तर खोली सोड' म्हणू नका. भाडेकरूंनो, खोली जाईल या भीतीने कॅलेंडर लावून भेग झाकू नका. सोसायट्यांना आठवण: महानगरपालिका अधिनियमात 30 वर्षांपुढच्या इमारतींची संरचनात्मक तपासणी सांगितली आहे. वाशी, नेरूळ, बेलापूरच्या पहिल्या वसाहती ती मर्यादा केव्हाच ओलांडून गेल्या. पालिका दर पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींची यादी लावते. त्यात सी-1 म्हणजे ताबडतोब रिकामी करायची, सी-2ए म्हणजे रिकामी करून दुरुस्त करायची, सी-2बी म्हणजे राहत्या माणसांसह दुरुस्त होणारी, सी-3 म्हणजे किरकोळ. यादी लागली की आपले नाव बघा आणि सी-1 असेल तर कोर्टात कोण जिंकेल याची वाट आत बसून बघू नका.

बिल्डरांना आणि ठेकेदारांनाही सांगणे आहे. शेजारी खोल खड्डा घेताना बाजू धरल्याशिवाय खणू नका, आणि पावसात त्या खड्ड्यातले पाणी रात्रंदिवस पंपाने उपसताना गढूळ येत असेल तर पंप थांबवा. ते गढूळ म्हणजे शेजारच्या घराखालची माती आहे. पालिकेने आणि सिडकोने रस्ते करताना जुना थर खरवडावा, गावठाणाच्या तोंडाची गटारे मे संपायच्या आत मोकळी करावीत, आणि भरतीच्या वेळी शहराचे पाणी थोपवण्यासाठी बांधलेल्या धारण तलावांचा गाळ हा विषय एकदा मार्गी लावावा. खारफुटी आणि न्यायालयाची परवानगी हे खरे प्रश्न आहेत, पण उधाण तारीख बघून येते, परवानगी बघून नाही.

मंडळांना शेवटचे. गावोगावी गणेशोत्सव मंडळे आहेत, क्रिकेटचे संघ आहेत, नाखवांच्या सोसायट्या आहेत, निवृत्त इंजिनीयर आणि मिस्त्री आहेत. मेमधले चार रविवार द्या. एकेका आळीत सकाळी सातला निघा, एक मिस्त्री बरोबर घ्या, खडू आणि वही घ्या. जिथे म्हातारी माणसे एकटी राहतात त्या घरांपासून सुरुवात करा. तिथे भेग दिसली तरी सांगायला कोणी नसते. ज्या घरांची काच तडकली त्यांची नावे विभाग कार्यालयात लेखी द्या आणि पोच घ्या. पावसात कुठल्या घरातून कडकड आवाज आला, प्लास्टर सटासट उडायला लागले, लादी वर उचलली, तर सामान न घेता माणसांना बाहेर काढा, 101 ला फोन करा आणि त्यांना पुन्हा आत जाऊ देऊ नका, 'फक्त कागदपत्रांची पिशवी आणतो' म्हणाले तरी.

काचेच्या पट्ट्या कोणत्याही फोटोफ्रेमवाल्याकडे उरलेल्या तुकड्यांतून कापून मिळतात. आमच्या कोपऱ्यातली चौथी पट्टी दोन पावसाळे शाबूत आहे. तारीख लिहिताना पेन वापरू नका, ओलीने शाई पसरते. पेन्सिलने लिहा.